कोऱ्या फळ्याचा चहा

१२ एप्रिल

मुंगे,

फाडू नकोस. निदान दुसऱ्या पानापर्यंत तरी नको. आणि फाडायचंच असेल तर फाडून झाल्यावर हात धू.

पाच वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, कारण मला वाटत होतं आधी तू लिहिशील. तू लिहिली नाहीस, कारण तुलाही नेमकं तेच वाटत असणार. आपण सख्ख्या बहिणी आहोत याला आणखी कसला पुरावा हवा? फोन तू उचलत नाहीस. पत्र निदान हातात तरी धरावं लागतं.

रविवारी आईचा फोन आला होता. तुमच्या हॉस्पिटलात कोरोनाचा वॉर्ड उघडलाय आणि तू त्यात स्वतःहून नाव दिलंस, असं म्हणाली. मी म्हटलं, "मला काय त्याचं!" आणि फोन ठेवून हातातली भाजी तशीच धरून बसून राहिले. तेव्हा खोटं कशाला बोलू, मी घाबरलेय. तू आजारी पडशील याची भीती आहेच, आणि आपण अशाच न बोलता राहू याची तिच्याहून जास्त आहे. एवढं लिहायला मला तीन कागद लागले, पहिले दोन चुरगळले.

आमच्याकडे मला वॉर्डातून काढून एका छोट्या खोलीपाशी उभं केलंय. खोलीला दोन दारं. एका भिंतीला डोक्यापासून पायापर्यंत आरसा, कोपऱ्यात पायाने उघडायचा डबा, बेसिन, आणि एक बिनपाठीचं स्टूल. वॉर्डातून दमूनभागून येणारं माणूस एका दाराने आत येतं, पीपीई किट उतरवतं आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडतं. मी काचेच्या पलीकडे उभी राहून एकेक पायरी मोठ्याने सांगते. घालताना कुणी चुकत नाही गं, तेव्हा सगळे ताजेतवाने असतात. सहा तास घाम गाळून बाहेर आल्यावर घर दिसायला लागतं, आणि तिथेच हात घसरतो. म्हणून मी. माझ्या आवाजाबद्दल तू लहानपणापासून जे जे बोललीस, त्याचा इथे सरकारी उपयोग होतोय. पाठीमागे मला पायरीबाई म्हणतात. मला माहीत नाही असं त्यांना वाटतं.

आमच्या भिंतीवर दहा पायऱ्यांचा तक्ता आहे. तुमच्याकडे आहे की नाही देव जाणे, म्हणून पाठवते. तक्त्याकडे न बघता लिहितेय, कारण मी त्या झोपेतसुद्धा म्हणू शकते. पहिली, बाहेरचे हातमोजे काढायचे. दुसरी, आतल्या मोज्यांवर सॅनिटायझर चोळायचा. तिसरी, झगा खांद्यापासून आतली बाजू बाहेर करत गुंडाळायचा, झटकायचा नाही. चौथी, बुटांवरच्या पिशव्या. पाचवी, आतले मोजे. सहावी, हात धुवायचे, चाळीस मोजेपर्यंत. सातवी, चष्मा मागच्या पट्ट्याला धरून काढायचा. आठवी, मास्क, आधी खालची नाडी, मग वरची, पुढून बोट लावायचं नाही. नववी, पुन्हा हात. स्वयंपाकघरात चिकटव. आईलाही पाठ होईल.

आमच्याकडे एक नवा डॉक्टर आलाय, इतका उंच की झगा त्याच्या पोटऱ्यांवरच संपतो. आम्ही त्याला लांबू म्हणतो. रोज तिसऱ्या पायरीला त्याचं नाक खाजतं. मी काचेवर टकटक करते आणि तो हात वर करून उभा राहतो, पोलिसाने पकडल्यासारखा.

तेवढंच. आणि हो, पाच वर्षांपूर्वी मी तुझी चूक पकडली ती तुझ्या भल्यासाठीच, हे तुला आता पटलं असेल. असले दिवस आले की शिस्त कशाला असते ते कळतं.

नखं कापत जा.

तुझी ताई

२६ एप्रिल

मुंगे,

उत्तर नाही. ठीक आहे. मी वाट बघत नव्हतेच. टपालवाल्याला दोनदा विचारलं ते आपलं सहज.

पण मला बातमी आहे. आई म्हणते, "ती पत्र वाचत नाही म्हणते गं, पण पाकीट पिठाच्या डब्यामागे उभं करून ठेवलंय आणि रोज पीठ काढते. दोघी भाकरी खात नाही आम्ही, एवढ्या पिठाचं करते काय ती?" आई हेर म्हणून नोकरीला लागली असती तर आपलं घर केव्हाच वर आलं असतं.

शेवटच्या परिच्छेदाने तुझं तोंड फुगलं असणार. फुगू दे. पण एक सांगायचंय, आणि सांगायला दुसरं कुणी नाही.

माझा फळा आठवतो ना? परिचारिकांच्या खोलीबाहेरचा, हिरवा, ज्यावर चूक करणाऱ्याचं नाव, तारीख आणि काय चुकलं ते मी लिहिते. आठवतो का विचारणं म्हणजे कमालच आहे माझी. तर तो फळा या महिन्यात कोरा आहे. सव्वीस दिवस! एक नाव नाही. आजूबाजूच्या हॉस्पिटलांत माणसं पटापट आजारी पडताहेत आणि आमच्याकडे एकाला साधी शिंकसुद्धा नाही. मोठे डॉक्टर परवा त्या फळ्यासमोर उभे राहून मान हलवत होते, प्रदर्शनात चित्र बघावं तसे. मी शेजारी हाताची घडी घालून उभी होते. जरा फुगले होते, कबूल.

सगळ्यांत जास्त कौतुक मावशीचं. तू गेलीस त्यानंतर आली ती, वॉर्डातली साफसफाई बघते. आधी सुई बघूनही डोळे मिटायची. आता किट घालून सहा तास वॉर्डात असते, रुग्णांना पाणी पाजते, त्यांच्या घरच्यांचे निरोप सांगते, आणि बाहेर येऊन आरशासमोर अशी एकेक वस्तू उतरवते की तिचं बघून डॉक्टरांनी शिकावं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "मावशीचा हात म्हणजे घड्याळ आहे." ती लाजून पदराआड, म्हणजे मास्कआड, हसली. तिला कुणी आयुष्यात असं काही म्हटलं नसावं.

महिना पूर्ण कोरा गेला तर एक तारखेला मी सगळ्यांना चहा देणार आहे, केकसकट. जाहीर करून टाकलंय. तेव्हापासून सगळे माझ्याशी फार गोड वागताहेत आणि कुणीच मला काही विचारायला येत नाही. म्हणजे शंकाच उरल्या नाहीत. बघ, फळ्यामुळे काय होऊ शकतं ते.

आईला खिडकीशी बसायला सांग. तू घरी आलीस की आधी अंघोळ, मग आई.

तुझी (अजून न रागावलेली) ताई

२ मे

मुंगे,

काल झाला चहा! इतकं हसले की आज बरगड्या दुखताहेत.

आपली ती विश्रांतीची खोली आठवते? जिथे तीन माणसं बसली की चौथ्याला उभ्यानेच डबा खावा लागायचा? तिथे आम्ही सहा जण. लांबू दाराच्या चौकटीत वाकून, दोन नर्सा एका खुर्चीवर, एक्स-रेवाला खिडकीच्या कट्ट्यावर, मी केक कापायला मधोमध. कुणीतरी कागदाच्या पताका लावल्या होत्या, त्या पंख्याने आणि खिडकीतल्या वाऱ्याने फडफडून केकमध्ये पडायला लागल्या, म्हणून मी पंखा बंद केला आणि खिडकीही लावून घेतली. महिनाभर आम्ही एकमेकांचे नुसते डोळे बघत होतो गं. किट उतरवतानाही मी फक्त बोटं बघते. काल मास्क उतरवले आणि कळलं, लांबूला मिशी आहे! ती वाढवतोय हे त्याने कुणाला सांगितलंच नव्हतं. एक नर्स म्हणाली, "यांचा वरचा मजला आणि खालचा मजला वेगवेगळ्या बिल्डरने बांधलाय." आम्ही लोटपोट.

मावशीला मी पहिला तुकडा भरवला. तिने माझा हात धरला, डोळ्यांत पाणी. एकदा ठसका लागला तिला, चहा गरम होता म्हणाली. मग लांबूने फळ्यावर खडूने मोठं शून्य काढलं आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

असं वाटलं की तू असायला हवी होतीस. मिशीवर तू काय बोलली असतीस याचा मी सकाळपासून विचार करतेय.

पीठ किती उरलंय?

ताई

९ मे

मुंगे,

हे पत्र तुला उशिरा मिळेल. लिहून झालं की चार दिवस खिडकीत उन्हात ठेवणार आणि मगच पेटीत टाकायला देणार आहे. घाबरू नकोस, आधी वाच.

मावशी पॉझिटिव्ह. सोमवारी कळलं. बुधवारी लांबू, एक्स-रेवाला आणि एका खुर्चीवर बसलेल्या त्या दोन्ही नर्सा. गुरुवारी मी.

मी बरी आहे. ताप उतरला. क्वार्टर्सच्या टोकाच्या खोलीत एकटी आहे, दाराबाहेर स्टुलावर कुणीतरी ताट ठेवून टकटक करून पळतं. वास गेलाय. काल जमीन पुसायला फिनेल दिलं, मी बाटली नाकाला लावून बघितली, काही नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा मला फिनेलपासून सुट्टी मिळाली आहे. आईला यातलं फक्त सुट्टीचं सांग.

मावशीला मात्र ऑक्सिजन लावलाय. तिच्याच वॉर्डात, जिथे ती पाणी पाजायची, तिथे पाच नंबरच्या खाटेवर.

पहिले दोन दिवस मी काय केलं सांगू? किटवर राग काढला. म्हटलं, माल खराब आला असेल. मग किट उतरवण्याच्या खोलीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण मागवून घेतलं आणि अंथरुणात बसून आठ दिवसांचं सगळं बघितलं. एकेकाची एकेक पायरी. चूक नाही! लांबूचं नाकसुद्धा नाही. मला आनंद झाला, इतकी मी वेडी. म्हटलं, बघा, माझ्या खोलीतून काही गेलेलं नाही.

आणि मग कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात, उघड्या दारातून, समोरची विश्रांतीची खोली दिसली. एक तारीख. मी स्वतः उठून खिडकी लावताना दिसतेय. सहा माणसं, बंद खोली, एकाच्याही तोंडावर मास्क नाही, आणि मी मावशीला माझ्या हाताने केक भरवतेय. संसर्ग होऊ नये म्हणून नेमलेल्या बाईने संसर्ग झाला नाही म्हणून मेजवानी दिली, आणि त्या मेजवानीत सगळ्यांना तो वाटला. हे तू कुणाला सांगितलंस तर हसतील. हसू दे.

आज मावशीशी फोनवर बोलणं झालं. दर चार शब्दांनी थांबत होती. मी विचारलं, "मावशी, बरं कधीपासून वाटत नव्हतं?"

"चहाच्या आधीपासनं, मोठ्या सिस्टर. घसा धरला होता तीन दिवस."

"मग सांगितलं का नाही?"

ती म्हणाली, "आणि त्याच्या आधी एकदा आत असताना मोजा फाटला होता. रेघ होती एवढीशी. मी लगेच बदलला, हात धुतले. पण नाही सांगितलं."

"अगं पण का?"

"फळा कोरा होता ना. सगळे म्हणत होते, महिना पुरा होतोय. तुम्ही म्हणालात माझा हात म्हणजे घड्याळ. मग मी कशी त्याच्यावर पहिली रेघ ओढू?"

तिला दम लागला होता, म्हणून फोन ठेवला.

मोजा फाटला तिथूनच लागलं असं नाही म्हणता येत. पण तिने सांगितलं असतं तर तिची चाचणी झाली असती, ती घरी राहिली असती, आणि चहाला तिची आठवण काढून आम्ही पाच जण बरे राहिलो असतो. तिने सांगितलं नाही, कारण मी तिला सांगायला जागाच ठेवली नव्हती.

आता पुढचं लिहायला मला जरा वेळ दे.

ताई

१७ मे

मुंगे,

मावशीचा ऑक्सिजन काढला! आज सकाळी. स्वतःच्या हाताने चहा प्याली आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाली, "पाणी हवं का?" नर्स ओरडली, "मावशी, तुम्ही रुग्ण आहात!" हे सगळं मला लांबूने भिंतीपलीकडून ओरडून सांगितलं. तो शेजारच्याच खोलीत आहे. आम्ही दोघं दिवसभर भिंतीतून भांडतो. त्याने मिशी काढली नाहीये, वाढवतोय.

तर आता ते.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की पाच वर्षांपूर्वी मी तुझी चूक पकडली. मी पकडली नव्हती, मुंगे. कुणीच पकडली नव्हती. तू ड्रेसिंग करत होतीस, पलीकडच्या वॉर्डातून फोन वाजत राहिला, तिथे कुणी कोसळलं होतं, आणि तू हातमोजे न काढता फोन उचललास. कुणी बघितलं नाही. तू स्वतः माझ्याकडे आलीस. माझ्या टेबलापाशी उभी राहिलीस आणि म्हणालीस, "ताई, माझ्याकडून चुकलं. फोन पुसून घेतलाय, पण तुला सांगून ठेवते." हॉस्पिटलात तू मला कधी ताई म्हणायची नाहीस. त्या दिवशी म्हणालीस.

आणि मी उठले, खडू घेतला आणि तुझं संपूर्ण नाव फळ्यावर लिहिलं. बहिणीला सवलत दिली असं कुणी म्हणू नये म्हणून जरा मोठ्याच अक्षरात. पाच दिवस ठेवलं. येणारा-जाणारा वाचत होता. तू पाचव्या दिवशी राजीनामा टेबलावर ठेवलास आणि काय म्हणालीस ते मला शब्दन् शब्द पाठ आहे: "आजपासून इथे तुला कुणी काही सांगणार नाही. बघशील." मी म्हटलं, "नाकाला मिरच्या झोंबल्या की माणूस असंच बोलतं."

तू रागाने बोलली नव्हतीस. तू मला माझ्याच कामातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट सांगत होतीस. ती ऐकायला मला पाच वर्षं आणि सहा आजारी माणसं लागली. तो फळा महिनाभर कोरा होता, कारण सगळे मला घाबरत होते. चुका होत होत्या गं, फक्त माझ्यापर्यंत येत नव्हत्या.

माझं चुकलं. फळ्यावर लिहिल्यासारखं लिहिते: नाव, तुझी ताई. तारीख, पाच वर्षांपूर्वीची आणि त्यानंतरची रोजची. काय चुकलं, सांगायला आलेल्या माणसाला शिक्षा केली. ती माझी बहीण होती म्हणून जास्त केली.

मला माफ कर, असं लिहायचंय आणि ते लिहिलं की तुला उत्तर द्यावंच लागेल असं होऊ नये असंही वाटतंय. तू उत्तर दिलं नाहीस तरी मी लिहीत राहीन. पिठाच्या डब्यामागे जागा आहे ना अजून?

ताई

२९ मे

मुंगे,

सोमवारी कामावर रुजू झाले. चाचणी निगेटिव्ह. वास अर्धा आलाय: फिनेल कळतं, लांबूचं अत्तर अजून नाही, म्हणजे देवाची कृपाच.

पहिल्या दिवशी सगळ्यांना फळ्यासमोर बोलावलं. अंतर ठेवून, मास्क लावून, खिडक्या उघड्या टाकून. कुणी माझ्याकडे बघेना. फळ्यावर ते एक तारखेचं शून्य अजून तसंच होतं. पुसायची कुणाची हिंमत झाली नव्हती. मी ते पुसलं आणि माझं नाव लिहिलं, आडनावासकट, मोठ्या अक्षरात. पुढे लिहिलं: बंद खोलीत सहा जणांना चहा दिला, खिडकी स्वतः लावली. कुणीतरी मागे खोकलं आणि घाबरून लगेच म्हणालं, "ठसका आहे, ठसका!" पहिली मी हसले. मग सगळे.

मग फळ्यावर उभी रेघ मारली. डावीकडे काय चुकलं. उजवीकडे कोणी सांगितलं. चूक कुणाची ते लिहायचंच नाही, त्याला रकानाच नाही. नाव फक्त सांगणाऱ्याचं, मग चूक त्याची स्वतःची असो की दुसऱ्याची. घसा धरला, अंग कसकसलं, तर तेही डावीकडे, आणि त्या माणसाला आधी चाचणी आणि मग घर, कुणी एक प्रश्न विचारणार नाही. पाच दिवस माझी एकच ओळ होती फळ्यावर, असं वाटलं का तुला? नाही बाई! मंगळवारी तीन. बुधवारी नऊ. काल सतरा! सतरा चुका, मुंगे, आणि मोठ्या डॉक्टरांचा चेहरा असा झाला की त्यांना खुर्ची द्यावी लागली. मी म्हटलं, "सर, या सगळ्या आधीही होत्या. आता फक्त दिसताहेत." त्यांनी फळा नीट वाचला. तिसऱ्या ओळीला म्हणाले, "ही माझी आहे. मीच मास्क हनुवटीवर घेऊन लिफ्टमध्ये बोलत होतो." मी खडू पुढे केला. त्यांनी उजवीकडे स्वतःचं नाव लिहिलं.

आता तर चढाओढ लागलीय. लांबू काल धावत आला, "पायरीबाई, मी चौथ्या पायरीला पाचवी केली!" मग जीभ चावली, कारण तोंडावर पायरीबाई म्हणाला होता. मी म्हटलं, "डावीकडे लिहा. उजवीकडे सही करा."

विश्रांतीच्या खोलीत आता तीनच खुर्च्या, खिडकीची कडी मी सुताराकडून काढूनच घेतली. चहा पाळीपाळीने, भिंतीकडे तोंड करून. शिक्षा झालेली मुलं दिसतो आम्ही. पण गप्पा पाठीलाही मारता येतात हे नव्याने कळलं.

आणि आज मावशी आली. अजून कामावर नाही, फक्त भेटायला, फाटकाशी. बारीक झालीय. मी तिला म्हटलं, "मावशी, माझं चुकलं." ती म्हणाली, "तुमचं काय चुकलं, केक चांगला होता." मग मी तिला फळ्याचा फोटो दाखवला. तिने बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "मग माझा मोजा लिहा की. तेवीस एप्रिल. आणि उजवीकडे माझं नाव, जरा मोठं काढा." मी वर जाऊन लिहिलं. सगळ्यांत मोठं काढलं.

मला रडू आलं, पण किट घातलेलं नव्हतं, म्हणून डोळे पुसता आले.

तू वॉर्डात कशी आहेस, हे मला आईकडून कळतं. तुझ्याकडून कळलं असतं तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणते.

ताई

७ जून

मुंगे,

पाजी कुठली!

काल टपालवाल्याने पाकीट दिलं. आत बघितलं तर माझंच पत्र. बारा एप्रिलचं, माझं अक्षर, घड्यांच्या जागी पीठ. म्हटलं, परत केलं हिने. आता बाकीचीही एकेक करून येतील. मी विश्रांतीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले आणि पाठीमागे लांबू विचारतोय, "काय झालं?"

मग उलगडलं. सातव्या आणि आठव्या पायरीच्या मध्ये लाल शाईचा हा एवढा बाण. समासात तुझं ते तिरकं अक्षर:

"ताई, दहा म्हणालीस, नऊच आहेत. चष्म्याला हात लावून तोच हात मास्कला? मधे हात कोण धुणार? दोन महिने वाट बघितली की तुझ्या लक्षात येईल. येत नाही, म्हणून सांगून ठेवते."

मी पळत खोलीपाशी गेले आणि तक्ता मोजला. दहा. सातवी चष्मा, आठवी हात, नववी मास्क, दहावी हात. भिंतीवर बरोबर आणि मी लिहिताना चूक. झोपेत म्हणू शकते म्हणे! झोपेतच लिहिलं असणार. लांबूला दाखवलं तर तो हसून हसून चौकटीला आपटला. म्हणाला, "ही कोण, हिला इथे बोलवा, तुमच्याहून कडक आहे." मी म्हटलं, "माझ्याहून कडक नाही. माझ्याहून शहाणी आहे."

पाच वर्षांनी तुझा पहिला शब्द "ताई", आणि दुसरी गोष्ट माझी चूक. दोन्ही पुन्हा पुन्हा वाचलंय. "सांगून ठेवते" हे जास्त वेळा. त्या दिवशीही तू हेच म्हणाली होतीस. या वेळी मी ऐकलंय.

फळ्यावर लिहिलं. डावीकडे: पायऱ्यांची यादी लिहिताना चष्मा आणि मास्क यांच्यामध्ये हात धुणं राहिलं. उजवीकडे: मुंगी. मावशी कामावर आलीय आता, तिने विचारलं, "ह्या कोण नव्या सिस्टर?" मी म्हटलं, "नव्या नाहीत, जुन्या आहेत. माझी धाकटी." मग तिने स्वतः खडू घेऊन तुझं नाव पुन्हा गिरवलं, लांबून दिसावं म्हणून.

बाकीच्या ओळी आम्ही दर शनिवारी पुसतो. ही कुणाला पुसू देणार नाही. हे सगळं निवळलं, रस्ते उघडले की आईला घेऊन ये आणि तूच पूस.

तुझी ताई